घोणस चावल्यावर रक्त का गोठत नाही?

रोवणीला शहापूरकडच्या धानाच्या बांध्यांत उतरणाऱ्या माय-बहिणींनी परड, म्हणजे घोणस, ओळखून ठेवावी. तिच्या विषातली प्रथिने रक्त गोठवणारे घटक अकारण चेतवतात. बारीक गुठळ्या होत फायब्रिनोजेन संपते, प्लेटलेटही घटतात. मग हिरड्यांतून, लघवीतून रक्त येते. दवाखान्यातली तपासणी साधी आहे. शिरेतले थोडे रक्त कोरड्या काचेच्या नळीत २० मिनिटे न हलवता ठेवतात. नळी कलंडल्यावर ते पाण्यासारखे वाहिले, तर विष भिनले. मांत्रिकाकडे तास गेला, तरी इकडे गुठळ्या होतच असतात. उतारा प्रतिविषाचाच, सरकारी रुग्णालयात ते मोफत मिळते. जखमेला चिरा देऊ नका, न गोठणारे रक्त थांबणार कसे? दोरीही आवळू नका. रुग्णाला न चालवता भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात न्या.