फादरांना केव्हा बोलवावं?

आमच्या वसईकडच्या गावांत भर दुपारी एखाद्या घरापुढं फादरांची स्कूटर उभी राहिली, की शेजारपाजारी पहिला प्रश्न येतो तो ‘कोण गेलं?’ असा. ‘कोण आजारी आहे?’ हे कुणाला सुचत नाही. फादर तेल घेऊन आले म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले, असा अर्थ लोकांनी लावून टाकलेला आहे. त्यामुळं होतं काय, की घरची माणसं फादरांना बोलवायचं लांबवत राहतात आणि बोलावतात तेव्हा आजारी माणूस बहुधा बोलण्याच्या पलीकडं गेलेला असतो. आज मला बोलायचं आहे ते या उशिराविषयी.

मी धर्मगुरू नाही. शाळेत मास्तरकी केली, निवृत्त झालो आणि गेली काही वर्षं आमच्या धर्मग्रामात घरी पडून असलेल्यांना रविवारी कम्युनियन नेऊन देतो. प्रापंचिक माणसांना हे काम सोपवण्याची मुभा रोमनं १९७३ साली दिली. ख्रिस्ती नसलेल्या श्रोत्यांसाठी थोडं सांगायला हवं. धर्मग्राम म्हणजे एका चर्चच्या हद्दीतली सगळी कॅथलिक घरं. त्यांच्या आध्यात्मिक सुखदुःखाची जबाबदारी तिथल्या प्रमुख धर्मगुरूंवर. जन्मल्यावर स्नानसंस्कार, पुढं पहिलं कम्युनियन, दृढीकरण, विवाह असे एकूण सात संस्कार आम्ही मानतो. त्यांना साक्रामेंत म्हणतात. यातल्या बाकीच्यांचं फारसं अडत नाही. लग्नाची तारीख कोणी विसरत नाही, बँडवाला तर कितीतरी आधी ठरलेला असतो. अडतं ते आजाऱ्यांच्या अभ्यंगापाशी.

‘अभ्यंग’ म्हटलं की मराठी माणसाला दिवाळीची पहाट आठवते. तान्ह्या बाळाला तेल लावतात, बाळंतिणीला लावतात. अंगात बळ यावं, दुखरी जागा मऊ व्हावी, हा त्यामागचा हेतू. चर्चच्या तेलामागंही मुळात हाच अर्थ आहे. लूकच्या शुभवर्तमानातला तो शमरोनी वाटेत जखमी पडलेल्या माणसाच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, ते त्याला जगवण्यासाठी. नव्या करारात याकोबाचं पत्र आहे. आजारी माणसानं मंडळीच्या वडीलजनांना बोलवावं, त्यांनी त्याला तेल लावून प्रार्थना करावी, असा सल्ला त्यात आहे. हाच या संस्काराचा आधार. नीट पाहा, त्या पत्रातला आजारी माणूस स्वतः बोलावणं धाडतो. म्हणजे तो शुद्धीवर आहे, त्याला काय हवं ते त्याला कळतं आहे.

पहिल्या काही शतकांत या तेलाची कोणाला धास्ती नव्हती. इसवी सन ४१६ मध्ये पोप पहिले इनोसंट यांनी लिहिलेल्या एका पत्रावरून दिसतं, की बिशपांनी आशीर्वादित केलेलं तेल लोक स्वतःच्या आणि घरच्यांच्या दुखण्यात वापरत. मग मध्ययुगात हा संस्कार हळूहळू मरणाच्या उंबरठ्याकडं सरकला आणि त्याला नावही ‘शेवटचा अभ्यंग’ असं पडलं. त्यात लोकांच्या समजुतींची भर. एकदा हे तेल लागलं आणि माणूस वाचला, तर त्यानं पुढं संसारसुख घ्यायचं नाही, मांस खायचं नाही, अनवाणी चालायचं नाही, असं युरोपात पुष्कळांना वाटे. चर्चनं असं कधी शिकवलं नव्हतं, पण समजूत ती समजूत. अशा अटी असतील तर कोण वेळेवर बोलावणार?

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६३ साली हे नाव बाजूला सारलं. याला ‘आजाऱ्यांचा अभ्यंग’ म्हणणं अधिक योग्य, तो केवळ मरायला टेकलेल्यांसाठी नाही, असं परिषदेनं स्पष्ट लिहिलं. पोप सहावे पॉल यांनी १९७२ साली नवा विधी ठरवून दिला. पूर्वी डोळे, कान, नाक, ओठ, हात, पाय अशा ठिकाणी तेल लावत. आता कपाळ आणि तळहात. पूर्वी फक्त ऑलिव्हचं तेल चाले. ते जगात सगळीकडं मिळत नाही म्हणून दुसरं वनस्पती तेलही चालेल, अशी सोय झाली. पवित्र आठवड्यात बिशप धर्मप्रांतातल्या फादरांसह मिस्सा करून ते आशीर्वादित करतात आणि मग ते चर्चाचर्चांत जातं. या गोष्टीला आता पन्नासाहून जास्त वर्षं झाली. कागदावरचं नाव बदललं, लोकांच्या तोंडचं बदललं नाही.

मग बोलवावं केव्हा? आजार गंभीर आहे असं कळलं की. साध्या तापाला किंवा दाढदुखीला नव्हे, पण शेवटच्या घटकेची वाटही पाहायची नाही. गंभीर दुखण्यासाठी मोठं ऑपरेशन ठरलं असेल, तर आदल्या दिवशी. वयानं शरीर अगदी खचलं असेल, तर विशेष आजार नसला तरीही. समज आलेल्या मुलालाही. माणूस बरा झाला आणि पुन्हा आजारी पडला, किंवा त्याच आजारात आणखी खालावला, तर पुन्हा घेता येतो. बेशुद्ध माणसालाही देता येतो. शुद्धीवर असता तर त्यानं मागितला असता, एवढं पुरे. मृताला मात्र देत नाहीत. तिथं फादर प्रार्थना करतात. नाडी आहे की नाही असा संशय असेल, तर देतात.

हे औषधाच्या जागी नाही, हेही सांगून टाकतो. गोळ्या बंद करा असं चर्च सांगत नाही. संस्कारातली प्रार्थना बळ मागते, क्षमा मागते, देवाची इच्छा असेल तर प्रकृतीही मागते.

खरोखर मरणाच्या वाटेवरच्या माणसासाठी चर्चनं ठेवलेला संस्कार वेगळाच आहे. तो म्हणजे कम्युनियन. अशा वेळच्या कम्युनियनला लॅटिनमध्ये जे नाव आहे त्याचा अर्थ वाटेची शिदोरी. शिदोरी खाण्यासाठी गिळता यावं लागतं, आणि पापनिवेदन करायचं तर दोन शब्द बोलता यावे लागतात. नाकात नळी आणि घशात नळी असताना यातलं काय होणार? म्हणून उशीर झाला की एकटा अभ्यंग उरतो, आणि लोकांना पुन्हा वाटतं, पाहा, तेल म्हणजे शेवटच.

एका घरी मी वर्षभर जात होतो. आजीला पोटाचा कॅन्सर. मुलानं मला दारातच सांगून ठेवलेलं, ‘मास्तर, आईला काही बोलू नका. फादरांचं नाव काढलं तर ती हाय खाईल.’ एका रविवारी कम्युनियन झाल्यावर मुलगा पाणी आणायला आत गेला, तेव्हा आजीनं माझा हात धरला. म्हणाली, ‘मास्तर, फादरांना तेल घेऊन यायला सांगाल? मला मन मोकळं करायचंय. पोराला मी सांगत नाही, तो घाबरेल.’ दोघंही एकमेकांना सांभाळत होती आणि मधल्या मधे हवं ते राहून जात होतं. मी मुलाला बाहेर ओट्यावर नेऊन सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग त्यानंच फोन लावला. फादर आले, मुलाला आणि सुनेला खोलीबाहेर थांबवून त्यांनी पापनिवेदन ऐकलं, मग सगळ्यांना आत बोलावून अभ्यंग केला. आजी त्यानंतर चार महिने होती. त्या चार महिन्यांत त्या घरात आजाराचं नाव घेऊन बोलणं सुरू झालं होतं.

अकरा फेब्रुवारी हा दिवस १९९३ पासून चर्च जागतिक रुग्णदिन म्हणून पाळतं. त्या सुमारास पुष्कळ चर्चमध्ये मिस्सेतच वृद्धांना आणि आजाऱ्यांना रांगेनं अभ्यंग देतात. माझ्या मते दहा प्रवचनांपेक्षा याचा उपयोग जास्त. तेल लावलेली म्हातारी रिक्षात बसून घरी जाते आणि संध्याकाळी अंगणात दिसते. शेजाऱ्यांची भीती तिथंच निम्मी होते.

कोविडच्या दिवसांत, २०२० आणि २१ मध्ये, हे सगळंच थांबलं होतं. वॉर्डात फादरांनाच काय, मुलांनाही सोडत नव्हते. २० मार्च २०२० रोजी रोमनं एक फर्मान काढलं. अभ्यंग आणि शिदोरी मिळू शकत नाही अशांना चर्च आपल्या प्रार्थनेतून देवाच्या दयेवर सोपवतं, असा त्याचा आशय होता. ज्यांची माणसं त्या काळात गेली, त्यांच्या मनातली टोचणी मी ऐकली आहे. त्यांना मी हेच सांगतो, की चर्चनं तुमच्या माणसाला वगळलेलं नाही. संसर्गाची भीती असेल तर फादरांनी कापसाच्या बोळ्यानं तेल लावलं तरी चालतं, अशी तरतूद चर्चच्या कायद्यात आधीपासून होती. पण त्यासाठी दार तरी उघडावं लागतं.

आता थोडं कामाचं. माणूस इस्पितळात दाखल करतानाच चर्चच्या ऑफिसात फोन करा. रात्री अकरा वाजता, श्वास लागल्यावर नको. इस्पितळ दुसऱ्या धर्मग्रामाच्या हद्दीत असेल, तर तिथल्या फादरांना निरोप देता येतो. अतिदक्षता विभागात पाच मिनिटंही पुरतात, मात्र सिस्टरला आधी विचारून ठेवा. घरी असाल तर टेबलावर स्वच्छ पांढरं कापड, क्रूस, मेणबत्ती आणि पेलाभर पाणी एवढं पुरे. घर आवरण्यात वेळ घालवू नका. कम्युनियनआधी तासभर उपास हवा हा नियम आजाऱ्याला नाही आणि त्याची शुश्रूषा करणाऱ्यालाही नाही, तेव्हा पेज भरवून झाली म्हणून फादरांना परत पाठवू नका. घास गिळत नसेल तर अगदी लहानसा तुकडा पाण्याबरोबर देता येतो. टीव्ही बंद करा. आणि फोनवर एक गोष्ट न विसरता सांगा: आजाऱ्याला ऐकू येतं का, आणि कोणत्या कानानं. फादर त्या बाजूला खुर्ची घेतील.