पित्याच्या सहीवाचून अडलेला संसार

परदेशातून येणारा पैसा मोजण्याची व्यवस्था आपल्याकडे चोख आहे. २०२२ साली परदेशस्थ भारतीयांनी मायदेशी धाडलेल्या रकमेने शंभर अब्ज डॉलरचा टप्पा ओलांडला, तेव्हा त्याचे कौतुक झाले आणि ते अस्थानीही नव्हते. परंतु हा पैसा मिळवणारा माणूस विमानात बसतो त्या दिवसापासून दोन-चार वर्षांची मुले एकट्याने वाढवण्याचे जे काम मागे उरते, त्याची नोंद कोणत्याही ताळेबंदात होत नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या कालविनियोग पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात, तर घरकामाला हात लावणारे पुरुष ९७ मिनिटे देतात, असे आढळले. आणि असे हात लावणारे पुरुष होते शंभरातील अवघे सव्वीस. तेव्हा नवरा गेल्याने स्वयंपाकघरातले ओझे फारसे वाढत नाही, असा निष्कर्ष कोणी थट्टेने काढील. ओझे वाढते ते उंबरठ्याबाहेरचे. बँक, शाळा, तलाठी, वीजबिल, रात्री-अपरात्री तापलेल्या मुलाला घेऊन गाठायचा डॉक्टर, ही सारी कामे एकाएकी एकीवर येतात. आणि नेमक्या याच ठिकाणी तिची सही पुरेशी मानली जात नाही.

शिरूर तालुक्याच्या पश्चिम भागातील केंदूर हे संत कान्होराज महाराजांचे गाव म्हणून वारकऱ्यांना परिचित आहे. पाऊस बेभरवशाचा आणि पाण्याची मागणी जुनी. सणसवाडी, रांजणगाव, चाकण येथे कारखाने उभे राहिल्यावर या पट्ट्यातील शिकलेल्या मुलांना पगाराची वाट दिसली. अशा कारखान्यातील एखाद्या तंत्रज्ञाला कंपनीने वर्षभरासाठी परदेशी पाठवले, तर घराची आर्थिक घडी बसते, यात शंका नाही. मागे राहिलेल्या पत्नीला सासू-सासऱ्यांचा आधार असतो, हेही खरे. पण हा आधार पुष्कळदा देखरेखीच्या रूपाने येतो. मुलाला कोणत्या शाळेत घालावे, कोणत्या डॉक्टरकडे न्यावे, हे ठरवण्याचा अधिकार तिच्याकडे येत नाही. तो दूरध्वनीवरून नवऱ्याकडे जातो, नाही तर ओसरीवर बसलेल्या सासऱ्यांकडे. हल्ली मोबाईलच्या पडद्यावर बाप रोज दिसतो. मात्र तो तेथून मुलाच्या अंगाला हात लावून ताप पाहू शकत नाही.

हा प्रश्न आजचा नाही. १९७३ नंतर तेलाच्या किमती भडकल्या आणि आखाती देशांत कामगारांची मागणी वाढली, तेव्हा रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावरील कित्येक घरांतून कर्ते पुरुष तिकडे गेले. त्याआधी शंभर वर्षे कोकणी गाव मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरवर जगतच होते. केरळातील अशा कुटुंबांचा अभ्यास अर्थशास्त्रज्ञ लीला गुलाटी यांनी केला. त्यांचे ‘इन द ॲब्सेन्स ऑफ देअर मेन’ हे पुस्तक १९९३ साली प्रसिद्ध झाले. कधी घराबाहेर न पडलेल्या स्त्रिया हळूहळू पैशाचा हिशेब आणि घरबांधणी सांभाळू लागल्या, असे त्यात दिसते. एकटेपण सोसताना कर्तृत्व अंगी येते, पण म्हणून एकटेपण हलके होत नाही.

महाराष्ट्रात याचे सर्वांत मोठे उदाहरण परळच्या चाळीत घडले. जुलै १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला पोचले, तेव्हा त्यांचा मुलगा यशवंत जेमतेम सात महिन्यांचा होता. ते परतले १९१७ च्या ऑगस्टमध्ये. पुढे १९२० ते १९२३ पुन्हा लंडन. अर्थशास्त्राचे विद्यार्थी रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध आजही वाचतात. तो लिहिला जात असताना रमाबाई मुंबईत अत्यंत तुटपुंज्या पैशात संसार ओढत होत्या. त्यांच्या पाच मुलांपैकी चार लहानपणीच दगावली, एकटे यशवंत वाचले. १९३५ साली रमाबाईही गेल्या. पाकिस्तानच्या प्रश्नावरील आपला ग्रंथ बाबासाहेबांनी १९४० च्या अखेरीस त्यांच्या स्मृतीस अर्पण केला. आपल्या विद्वत्तेची किंमत कोणी मोजली, हे त्यांना पुरते ठाऊक होते. इतरांना ते क्वचितच ठाऊक असते.

कायद्याची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमाच्या सहाव्या कलमाने नैसर्गिक पालक म्हणून आधी पित्याला आणि ‘त्याच्यानंतर’ मातेला मानले. पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईच्याच ताब्यात असावे, असे तेच कलम सांगते. म्हणजे मूल सांभाळायचे तिने आणि पालक तो! १९८४ साली लेखिका गीता हरिहरन यांनी अज्ञान मुलाच्या नावे रोखे घेण्यासाठी रिझर्व्ह बँकेकडे अर्ज केला, तेव्हा पित्याची सही हवी म्हणून तो परत आला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ‘त्याच्यानंतर’ याचा अर्थ पित्याच्या मृत्यूनंतर असा नसून ‘त्याच्या अनुपस्थितीत’ असा घ्यावा, आणि ही अनुपस्थिती तात्पुरतीही असू शकते, असा निर्णय न्यायालयाने १९९९ मध्ये दिला. परदेशी गेलेल्या पतीच्या पत्नीसाठी याहून स्पष्ट आधार कोणता हवा? परंतु निवाडा अहवालांच्या खंडांत राहतो आणि खिडकीवरचा कारकून छापील अर्जाकडे पाहतो. विधी आयोगाने २०१५ साली आईवडिलांना समान स्थान देण्याची शिफारस केली. कलमाचे शब्द मात्र अजून तेच आहेत.

इतर कायदे दुसरीच भाषा बोलतात. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने शिधापत्रिकेवर घरातील ज्येष्ठ स्त्रीला कुटुंबप्रमुख केले (एकत्र कुटुंबात ती सासू असते, हा भाग वेगळा). १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलाच्या नावात, राज्य शासनाच्या निर्णयानुसार, वडिलांच्या आधी आईचे नाव लिहिले जाते. सातबाऱ्यावर पत्नीचे नाव लावणारी लक्ष्मीमुक्ती योजना १९९२ पासून आहे. तीत अर्ज करायचा पतीने. तो परदेशी जाण्यापूर्वी तलाठ्याकडे एक फेरी मारील, तर मागे राहणारीचे अर्धे हेलपाटे वाचतील.

उलट प्रसंगही आता विरळा नाही. पत्नी परिचारिका वा अभियंता म्हणून परदेशी आणि दोन मुले घेऊन नवरा गावी. राज्य शासनाने २०१८ मध्ये महिला कर्मचाऱ्यांना १८० दिवसांची बालसंगोपन रजा दिली. पुरुषाला ती मिळते पत्नी मृत असेल किंवा असाध्य आजाराने अंथरुणाला खिळलेली असेल तरच. पत्नी धडधाकट आहे पण दुबईला आहे, अशा शिक्षकाने रजेच्या अर्जात कोणते कारण लिहावे, याची तरतूद नियमांत नाही. तो अर्जित रजा संपेपर्यंत ती वापरतो; मग मुलाला कांजिण्या आल्या की आईला गावाहून बोलावून घेतो.