सात शिवाजी पार्क, एक मांजर

मांजर घरातून निसटलं की शोधायची जागा किती असते? २०१८ साली ‘ॲनिमल्स’ या शोधपत्रिकेत हरवलेल्या १,२१० मांजरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सापडलेल्यांपैकी ७५ टक्के मांजरं, जिथून निसटली तिथून ५०० मीटरच्या आत मिळाली. पाचशे मीटर म्हणजे पायी सहा-सात मिनिटं. ऐकून जिवात जीव येतो. पण मांजर कुठल्या दिशेला गेलं ते ठाऊक नसतं, म्हणून शोधायचं असतं ते अख्खं वर्तुळ. ५०० मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ भरतं ७,८५,००० चौरस मीटर. दादरचं शिवाजी पार्क सुमारे १,१३,००० चौरस मीटरचं. म्हणजे जवळजवळ सात शिवाजी पार्क, आणि त्यात उभ्या गाड्या, जिन्याखालची अडगळ, गच्चीवरच्या टाक्या, बंद दुकानं आणि परक्यांची घरं. शेवटचा शब्द सहज लिहिलेला नाही: याच अभ्यासात उघड्यावरच्या जागांखालोखाल मांजरं सापडली ती दुसऱ्या कुणाच्या तरी घरात.

आता पट्ट्यावरचं जीपीएस यंत्र काय करतं ते याच मापाने पाहू. मोकळ्या आभाळाखाली बरं यंत्र साधारण ५ मीटरपर्यंत अचूक जागा सांगतं. ५ मीटर त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे ७८.५ चौरस मीटर, आपल्या ओळखीच्या भाषेत ८४५ चौरस फूट, दोन बेडरूमचा एक फ्लॅट. त्रिज्या शंभर पटीने आटली, पण शोधायची जागा दहा हजार पटीने. या यंत्रासाठी पैसे मोजायचे ते या दहा हजारांचे.

या सोयीच्या मागे जे उभं आहे ते थक्क करणारं आहे. जीपीएसचे तीसेक उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून, ताशी १४,००० किलोमीटर वेगाने, दिवसातून दोनदा पृथ्वीला फेरी मारतात. तिथून निघालेला संदेश मांजराच्या गळ्यापर्यंत पोचायला सेकंदाचा पंधरावा भाग लागतो, आणि तेवढ्यात उपग्रह स्वतः २६० मीटर पुढे सरकलेला असतो. पट्ट्यातला रिसीव्हर निदान चार उपग्रहांच्या संदेशांच्या वेळा ताडून आपली जागा काढतो. प्रकाश एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या शंभर कोटीव्या भागात, ३० सेंटीमीटर जातो. ५ मीटरची अचूकता हवी तर वेळेचा हिशेब १७ नॅनोसेकंदांपलीकडे चुकून चालत नाही. म्हणून प्रत्येक उपग्रहात अणुघड्याळं आहेत, आणि त्यांनाही आइन्स्टाइनचा हिशेब लावावा लागतो. वेगामुळे ती रोज ७ मायक्रोसेकंद मागे पडतात, पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण तिथे क्षीण असल्यामुळे ४५ मायक्रोसेकंद पुढे जातात. उरलेले ३८ मायक्रोसेकंद कुणी दुरुस्त केले नाहीत, तर दिवसाला ११ किलोमीटरच्या हिशेबाने चूक साचत जाईल. पुण्यात कोथरूडला हरवलेलं मांजर दुसऱ्या दिवशी हडपसरला दिसेल.

ही अचूकता सामान्य माणसाच्या हाती आली त्याला फार वर्षं झालेली नाहीत. अमेरिकी सरकार नागरी वापराच्या संदेशात मुद्दाम गोंधळ घालत असे आणि चूक १०० मीटरपर्यंत जाई. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने मे २००० च्या सुरुवातीला तो गोंधळ थांबवला गेला. १०० मीटर त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे ३.१ हेक्टर. आणि २०२० साली सहा देशांतल्या ९२५ पाळीव मांजरांना जीपीएस बांधून केलेल्या अभ्यासात एका मांजराचा वावर सरासरी ३.६ हेक्टरांत भरला. हे दोन आकडे शेजारी ठेवले की ध्यानात येतं: १९९९ सालच्या यंत्राची चूक मांजराच्या सगळ्या मुलखाएवढी होती. मांजर आपल्या इलाख्यात आहे एवढंच त्याने सांगितलं असतं.

एक गैरसमज मात्र फार पसरलेला आहे, तो दूर केल्याशिवाय निवड करता येत नाही. उपग्रहाला आपलं मांजर दिसत नाही. तो फक्त वेळ आणि स्वतःचं स्थान सांगत राहतो. जागा पट्ट्यातल्या यंत्राला कळते, आणि ती आपल्या फोनवर पाठवायला त्या यंत्राला सिमकार्ड आणि मोबाईलचं नेटवर्क लागतं. म्हणून घेण्याआधी विचारायचा पहिला प्रश्न उपग्रहांचा नाही, नेटवर्कचा. यंत्र २जी वर चालतं की ४जी वर? जिओवर २जी नाही. स्वस्तातलं २जी यंत्र त्या सिमवर मुकं राहील. परदेशातून मागवलेल्या यंत्रातलं सिम इथे चालतं का? महिन्याचं किंवा वर्षाचं भाडं किती? तीन वर्षांचं भाडं यंत्राच्या किमतीत मिळवूनच तुलना करावी.

संदेशाचा अशक्तपणाही जाणून घ्यावा. जमिनीवर पोचेपर्यंत जीपीएसच्या लहरीत उरलेली ताकद अशी: एका वॉटचे एक कोटी भाग करा, त्यातल्या एका भागाचे पुन्हा शंभर कोटी भाग करा, आणि त्यातला एक घ्या. इतकी क्षीण लहर काँक्रीटच्या स्लॅबमधून जवळपास येतच नाही, आणि उंच इमारतींच्या भिंतींवर आपटून आली तर लांबचा रस्ता धरून येते. आमचा बोका बाल्कनीतल्या खुर्चीखाली पंजे पोटाशी घेऊन झोपलेला असतो आणि नकाशावरचा ठिपका समोरच्या गच्चीवरून रस्त्यात, रस्त्यातून शेजारच्या सोसायटीच्या गेटात उड्या मारत असतो. यंत्र बिघडलेलं नसतं. भिंतींमधल्या गावात राहणाऱ्याने जीपीएसबरोबर रशियाचे, युरोपचे, चीनचे उपग्रहही ऐकणारं यंत्र घ्यावं. सगळे मिळून शंभराहून जास्त होतात, आणि दोन इमारतींमधल्या आभाळाच्या पट्टीत त्यातले जितके जास्त दिसतील तितका ठिपका स्थिर राहतो.

मग ब्लूटूथचा टॅग का नको? अ‍ॅपलचा एअरटॅग २०२१ साली आला. वजन ११ ग्रॅम, आणि नाण्याएवढा एक सेल वर्षभर चालतो. त्या सेलमध्ये सुमारे २२५ मिलिअँपिअर-तास भरलेले असतात आणि वर्षाचे तास ८,७६०. भागाकार केला तर सरासरी वापर निघतो सुमारे २६ मायक्रोअँपिअर. जीपीएस रिसीव्हर चालू असताना साधारण हजारपट खातो; हिशेबापुरतं बोलायचं तर तोच सेल त्याला नऊ तास पुरेल. ब्लूटूथ टॅगची ही काटकसर येते कुठून? त्याला स्वतःची जागा कळतच नाही. तो नुसती हाक देत राहतो आणि जवळून जाणारा एखादा फोन ती ऐकून जागा कळवतो. २०२३ मध्ये अ‍ॅपलची चालू उपकरणं २०० कोटींवर गेली होती, आणि गुगलने २०२४ साली सुरू केलेलं अँड्रॉइडचं जाळंही १०० कोटींहून अधिक उपकरणांचं आहे. पण जगातले कोट्यवधी फोन तुमच्या उपयोगाचे नाहीत. मांजरापासून पंधरा-वीस मीटरवरून जाणारा एकच फोन उपयोगाचा, आणि तोही टॅगच्या जातीचा हवा. आपल्याकडे अँड्रॉइड जास्त, म्हणून अँड्रॉइडच्या जाळ्यातला टॅग बहुतेकांना बरा. लक्ष्मी रोडला तो दिवसा छान चालेल. कोकणातल्या वाडीत रात्री दोन वाजता त्याची हाक ऐकायला कुणी नसेल. अ‍ॅपलनेही सुरुवातीलाच सांगितलं होतं की हा टॅग वस्तूंसाठी आहे, प्राण्यांसाठी नाही.

तिसरी वस्तू मायक्रोचिप. लोक तिलाही ट्रॅकर समजतात, आणि मांजर हरवल्यावर पशुवैद्याला फोन करून ‘लोकेशन सांगा’ म्हणतात. १२ मिलिमीटर लांब, २ मिलिमीटर जाड, आत बॅटरी नाही. १३४.२ किलोहर्ट्झच्या रीडरने काही सेंटीमीटरवरून वाचली तर १५ आकडी क्रमांक देते, बस्स. पहिले तीन आकडे देशाचे किंवा कंपनीचे, आणि उरलेल्या बारांत एकेका संकेतामागे २७,४८७ कोटींहून जास्त वेगळे क्रमांक बसतात. पृथ्वीवरच्या दर माणसामागे तीसहून अधिक.

या मुक्या चिपची किंमत महाराष्ट्राला एका बिबट्याने दाखवून दिली. पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेल्या ‘आजोबा’ला २००९ मध्ये वन्यजीव-अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या चमूने जीपीएस कॉलर घालून माळशेज घाटात सोडलं. महिन्याभरात तो सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोचला, हे कॉलरमुळे कळलं. २०११ मध्ये महामार्गावर वाहनाच्या धडकेने तो गेला तेव्हा कॉलरचे संदेश कधीचे बंद झालेले होते. तो आजोबाच, हे सांगितलं चिपने.

म्हणून माझं मत असं. चिप प्रत्येक मांजराला हवीच, आणि पट्ट्यावर तुमचा दहा आकडी फोन नंबर ठळक लिहिलेला हवा; परक्याच्या घरात शिरलेलं मांजर त्यानेच परत येतं. घरातच राहणारं मांजर चुकून निसटलं तर त्याला उपग्रहांची गरज क्वचित पडते. वर सांगितलेल्या २०१८ च्या अभ्यासात अशी ७५ टक्के मांजरं १३७ मीटरच्या आत होती, आणि मांजर जिवंत सापडण्याची शक्यता वाढवली ती माणसांनी स्वतः फिरून केलेल्या शोधाने. रोज बाहेर हिंडणाऱ्यांसाठी मात्र हाच आकडा १,६०९ मीटर आहे. एवढं वर्तुळ म्हणजे बहात्तर शिवाजी पार्क. तिथे ब्लूटूथवर विसंबू नये. सिमवालं जीपीएस घ्यावं, २५ ते ३५ ग्रॅमचं, आणि ओढ बसली की आपोआप सुटणाऱ्या बकलच्याच पट्ट्यावर लावावं. पट्टा फांदीत अडकून यंत्र हरवलं तर दुसरं घेता येतं.

जागा किती वेळाने कळवायची ते आपल्या हातात असतं. दर दहा मिनिटांनी म्हणजे दिवसाला १४४ वेळा, दर दहा सेकंदांनी म्हणजे ८,६४०. दुसरी सोय फक्त शोधायला बाहेर पडल्यावर चालू करावी, नाहीतर ऐन वेळी बॅटरी संपलेली असते. आणि मांजराच्या गळ्यात बांधण्याआधी यंत्र स्वतःच्या खिशात घालून आपल्या गल्लीत, पार्किंगमध्ये, मागच्या बोळात एक चक्कर मारावी, म्हणजे ठिपका कुठे कुठे गायब होतो ते आधीच कळतं.