अनुदानाला मार्गदर्शनाची जोड हवी

शाश्वत विकासाचा विषय चित्रपट, नाटक वा चित्रकलेतून मांडू पाहणाऱ्या तरुणांना अनुदान द्यावे, ही मागणी रास्तच आहे. मात्र ते कसे द्यावे, याचा वस्तुपाठ जालना जिल्ह्यातील कडवंचीने घालून दिला आहे. १९९० च्या दशकात या गावी इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाखाली काम सुरू झाले. या कार्यक्रमात आधी लहान क्षेत्रावर ग्रामस्थांची तयारी पारखली जाई. श्रमदान, चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळणाऱ्या गावालाच पुढील निधी मिळे. कडवंचीला खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राचे व विजयअण्णा बोराडे यांचे मार्गदर्शनही दीर्घकाळ लाभले. २०१२ च्या दुष्काळात तेथील द्राक्षबागा शेततळ्यांच्या आधारे तगल्या, त्यामागे ही पूर्वतयारी होती.

तरुण कलावंतांच्या बाबतीत हाच क्रम का नसावा? प्रथम अल्प रक्कम व जाणता मार्गदर्शक, मग गावात राहून केलेले काम, आणि ते पाहून उर्वरित अनुदान. एकरकमी धनादेशाने समारंभ तेवढा साजरा होतो. पैसा संपल्यावर पाठीशी कोणी नसेल, तर जालन्याचा होतकरू तरुण आपल्या मातीची कथा अर्धवट सोडून पुण्या-मुंबईची वाट धरील; आणि तो दोष त्याचा नसेल.