दोष गाईचा की वळूचा?

गाय उलटली की बोल तिलाच लागतो. पण कळपातल्या चार-पाच गाई एकाच वळूकडून भरवल्या आणि साऱ्याच उलटल्या, तर आधी वळू तपासावा. एक गाय वांझ निघाली तर एका वासराचं नुकसान. वळू कमजोर निघाला तर अख्खा हंगाम वाया.

पशुवैद्य आधी वळूची चाल बघतात. मागचा पाय दुखत असेल तर वीर्य कितीही उत्तम असो, तो गाईवर चढणारच नाही. मग वृषणकोशाचा घेर टेपनं मोजतात. विदेशी जातींत दोन वर्षांपुढच्या वळूला किमान ३४ सेंटिमीटर हवा. आपल्या खिलार-देवणीला हा आकडा जसाच्या तसा लावू नये. देशी वळू उशिरा वयात येतात.

खरी गंमत सूक्ष्मदर्शकाखाली. ताज्या वीर्याच्या थेंबात शुक्राणूंच्या लाटा भोवऱ्यासारख्या फिरताना दिसतात. काचपट्टी मात्र कोमट हवी. गार काचेवर धडधाकट शुक्राणूही मंदावतात आणि चांगला वळू नाहक नापास होतो. इओसिन-निग्रोसिन रंग दिला की मेलेले गुलाबी होतात, जिवंत पांढरेच राहतात. किमान ३० टक्के शुक्राणू सरळ पुढे पोहणारे आणि ७० टक्के सुघड हवेत.

एका तपासणीवर वळू विकू मात्र नये. शुक्राणू तयार व्हायला सुमारे ६१ दिवस लागतात, त्यामुळे लाळ्या-खुरकुताच्या तापाचा किंवा मे महिन्यातल्या उन्हाचा फटका नंतरच्या नमुन्यात उमटतो. दोनेक महिन्यांनी पुन्हा तपासावं. ब्रुसेलोसिसची रक्ततपासणी वेगळी करावी लागते. वीर्य नुसतं पाहून तो कळत नाही.