व्यसनमुक्ती केंद्राची निवड : नोंदणी आणि मानांकन

गोराई गावातून बोरिवलीस जायचे तर लाँचने खाडी ओलांडावी लागते. अन्यथा उत्तन-भाईंदरमार्गे मोठा वळसा घ्यावा लागतो. घरातील मद्यपी रुग्णास रात्री झटके आले की हा वळसा किती लांबचा वाटतो, हे येथील कुटुंबांना सांगावयास नको. अशा रात्रीनंतर नातेवाईक केंद्राचा शोध घेतात आणि बहुधा जेथे प्रथम जागा मिळेल तेथे रुग्णास सोडून येतात.

वास्तविक सर्वाधिक काळजीचे दिवस तेथूनच सुरू होतात. दीर्घकाळ रोज होणारे मद्यपान एकाएकी थांबल्यास पहिल्या एक-दोन दिवसांत झटके येऊ शकतात. त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत भ्रम, थरकाप, ताप अशी अवस्था उद्भवू शकते, आणि उपचार न झाल्यास ती प्राणघातकही ठरते. वैद्यकीय देखरेखीखालील औषधे, थायमिन आणि रात्रपाळीस जागा असलेला प्रशिक्षित परिचारक यांमुळे हा धोका बऱ्याच अंशी टळतो. खोलीला कुलूप लावून तो टळत नाही.

केंद्राच्या भिंतीवरील ‘नोंदणीकृत संस्था’ हे प्रमाणपत्र पुष्कळदा धर्मादाय आयुक्तांकडील असते. त्याचा संबंध न्यासाच्या कारभाराशी व हिशेबाशी आहे, उपचारांशी नाही. आम्ही स्वतः न्यास असल्याने हे स्पष्टपणे सांगणे आमचे कर्तव्य समजतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये मद्य व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्थांचाही समावेश आहे. अशा रुग्णांना ठेवून उपचार करणाऱ्या केंद्राची मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी आवश्यक आहे. रुग्णास साखळीने बांधण्यास हा कायदा मनाई करतो. तमिळनाडूतील एरवाडी येथे २००१ साली लागलेल्या आगीत साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण दगावले होते, याचे येथे स्मरण व्हावे.

‘एनएबीएच’चे मानांकन याहून निराळे व ऐच्छिक आहे. औषधांच्या नोंदी, आणीबाणीची सिद्धता, रुग्णाचे हक्क, तक्रारींची दखल या बाबी त्यात बाहेरचे परीक्षक तपासतात. मानांकन नाही म्हणून केंद्र वाईट, असे मात्र समजू नये. पुण्याचे ‘मुक्तांगण’ १९८६ साली सुरू झाले, तेव्हा हे मंडळच अस्तित्वात नव्हते. लहान केंद्रांना त्याचा खर्चही झेपतोच असे नाही. प्राधिकरणाच्या नोंदणीविषयी मात्र कोणतीही सबब ऐकून घेऊ नये. नोंदणी क्रमांक पाहावयास मागावा आणि आज रात्री कोणते डॉक्टर उपलब्ध आहेत, हे रुग्णास तेथे ठेवण्यापूर्वीच विचारावे.