दुखरा पाय घेऊन गावी जाताना

दिवाळीच्या सुमारास वर्धा आणि सेवाग्राम स्थानकांवर उतरणाऱ्या गर्दीत पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली हमखास दिसतात. एरवी पुण्या-नागपुरात राहून पहाटे मैदानावर सराव करायचा आणि सुट्टीत आर्वी, देवळी, हिंगणघाटकडच्या आपल्या गावी यायचे, असा त्यांचा शिरस्ता. भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर, तर मुलींना ८०० मीटर धावावे लागते. त्यासाठी सराव एकदम वाढवला की अनेकांची नडगी दुखू लागते. अशा वेळी घरी गेल्यावर आठ-दहा दिवस या पायाचे करायचे काय?

घरात सल्ल्यांना तोटा नसतो. आजी म्हणते, ‘खाटेवरून उठू नको, तेल चोळून देते.’ चुलतभाऊ म्हणतो, ‘थोडा पळून पाहा, मोकळा होईल.’ दोघांचाही हेतू चांगला असतो. पण दुखऱ्या हाडाला या दोन टोकांच्या मधली वाट हवी असते.

हाड ही जिवंत वस्तू आहे. धावताना प्रत्येक पावलाला पायावर शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट भार येतो. त्याने झिजलेला भाग शरीर काढून टाकते आणि तिथे नवे हाड भरते. मात्र जुना भाग लवकर निघतो आणि नवा पक्का व्हायला काही महिने लागतात. या मधल्या काळात भार वाढतच राहिला, तर हाडाला केसासारखी बारीक चीर पडू शकते. सतत कूच करणाऱ्या सैनिकांच्या सुजलेल्या, दुखऱ्या पावलांची नोंद प्रशियाचे लष्करी डॉक्टर ब्राइटहाउप्ट यांनी १८५५ मध्ये केली होती. तेव्हा क्ष-किरणांचा शोध लागलेला नव्हता. त्या दुखण्यामागे अशी चीर असते, हे पुढे क्ष-किरणांमुळे कळले.

साधे दुखणे आणि चीर यांतला फरक काही खुणांवरून ओळखता येतो. नडगीच्या आतल्या कडेला वीतभर पसरलेले, अंग गरम झाल्यावर कमी होणारे दुखणे बहुधा स्नायू आणि हाडावरील आवरणाच्या ताणाचे असते. एका बोटाने नेमकी जागा दाखवता येते, धावताना कळ वाढतच जाते, रात्री पडल्यावरही ठणकते, तर चिरेची शंका घ्यावी. पहिले दोन-तीन आठवडे क्ष-किरण चित्रात काहीच न दिसण्याची शक्यता असते. एमआरआयमध्ये ती लवकर कळते. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगीचे आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय, या दोन्ही ठिकाणी अस्थिरोग विभाग आहे. अशी शंका असेल तर सुट्टीचा एक दिवस तपासणीसाठी राखून ठेवावा.

प्रवासातही काळजी हवी. सलग चार तासांहून अधिक बसून राहिल्यास पायाच्या नसेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. निरोगी तरुणांत तो मुळात कमी असतो. पण पाय प्लास्टरमध्ये असेल तर वाढतो. घोटे वर-खाली हलवत राहावे, पाणी प्यावे, पायाला झेपेल तेवढी डब्यातच फेरी मारावी. घरी पोहोचल्यावर एकच पोटरी सुजली, गरम लागली, दुखू लागली, तर तिला तेल चोळू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. सोबत धाप लागत असेल किंवा छातीत दुखत असेल, तर क्षणभरही थांबू नये.

दिवाळीच्या दिवसांत कापसाची वेचणी सुरू असते. घरच्यांना हात लावावासा वाटणे साहजिक आहे. पण कापसाचे गाठोडे डोक्यावर घेऊन भेगाळलेल्या काळ्या रानातून चालणे दुखऱ्या पायाला परवडत नाही. दुखत नसेल तेवढे सपाट रस्त्यावर चालावे, हलक्या हाताने सायकल चालवावी. चिरेची शंका असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच काय ते करावे.

‘दहा दिवस धावलो नाही तर सगळी मेहनत वाया जाईल’ ही भीती अनेकांना जखमी पायाने मैदानात ढकलते. अमेरिकेतील संशोधक एडवर्ड कॉइल यांनी १९८४ मध्ये मुरलेल्या खेळाडूंचा सराव पूर्ण थांबवून पाहिला. त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता २१ दिवसांत सुमारे ७ टक्के आणि ५६ दिवसांत सुमारे १६ टक्के घटली. म्हणजे दहा दिवसांत होणारे नुकसान थोडे असते आणि सायकलने ते आणखी कमी करता येते. हाडाची चीर मात्र सहा ते आठ आठवडे, कधी त्याहून अधिक काळ घरी बसवते.

खाण्यात हात आखडू नये. वजन कमी करायच्या नादात उपाशी राहून धावणाऱ्यांची हाडे कमकुवत होतात. मुलींची पाळी चुकत असेल, तर ती गोष्ट आईपासून आणि डॉक्टरांपासून लपवू नये. हाड कमजोर होत असल्याची ती खूण असू शकते.

अर्धा तास झपझप चालूनही दुखले नाही, दुसऱ्या दिवशी सकाळीही पाय शांत राहिला, की एक मिनिट धावणे, दोन मिनिटे चालणे असा सराव सुरू करावा. कळ परतली, तर एक पायरी मागे यावे.